आईचा फोन काढून घ्यावा का?

"मॅडम, आईचा स्मार्टफोन काढून घेऊन तिला साधा बटणांचा फोन द्यायचे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. तेवढे तिला तुम्ही समजावून सांगा," असे मुलगा म्हणत असतानाच त्या आई-मुलाने माझ्या समुपदेशनाच्या खोलीत प्रवेश केला. हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षे मला वारंवार विचारला जातो, म्हणून संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव येथे मांडत आहे.

आई ६८ वर्षांच्या, निवृत्त गणित शिक्षिका, पतीच्या निधनानंतर पुण्यातील सदनिकेत एकट्या राहणाऱ्या. तीन आठवड्यांपूर्वी तथाकथित 'डिजिटल अटके'त त्यांचे १४ लाख रुपये गेले होते. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या मुलाकडे पाहत होत्या. शेवटी मी त्याला थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती केली.

घडले ते असे. त्यांच्या नावाने परदेशी पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असे सांगणारा फोन सकाळी आला. तो फोन 'मुंबई पोलिसां'कडे जोडून देण्यात आला आणि नंतर व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस, त्याच्यामागे राजमुद्रेचे चित्र आणि त्यांच्या आधार क्रमांकासह तयार केलेले 'न्यायालयाचे' पत्र दिसले. हिंदीत दरडावणारा एक आणि मराठीत समजुतीने बोलणारा दुसरा, असे दोघे जण आळीपाळीने बोलत. "ताई, तुम्ही सहकार्य करता आहात म्हणून मी साहेबांना थांबवून धरले आहे," असे तो दुसरा म्हणे. दरडावणाऱ्यापेक्षा या दुसऱ्यानेच त्यांना अधिक बांधून ठेवले, असे माझे मत आहे, कारण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी एक तरी आपला माणूस हवा असतो.

पुढचे तीन दिवस कॅमेरा बंद करायचा नाही आणि कोणाशी बोलायचे नाही, असे बजावण्यात आले. गॅस बंद करायला, देवापुढे दिवा लावायलासुद्धा त्या परवानगी मागत होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारीण भाजीची वाटी घेऊन आली, तेव्हा दार जेमतेम किलकिले करून त्यांनी "ताप आहे" असे सांगितले. बँकेत मुदत ठेव मोडताना अधिकाऱ्याने कारण विचारले, तेव्हा पढवल्याप्रमाणे "नातेवाइकाच्या घरखरेदीसाठी" असे उत्तर दिले. 'पडताळणी' झाली की पैसे परत मिळणार होते. तिसऱ्या संध्याकाळी शेजारणीला शंका आली, तिने मुलाला कळवले आणि त्याने येऊन फोन हातात घेताच पलीकडून कॉल तुटला.

"पैशांचे जाऊ द्या. मी दारात उभ्या असलेल्या बाईशी खोटे बोलले, बँकेत खोटे बोलले. जन्मभर मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकवले," हे सांगताना त्या प्रथमच रडल्या.

एवढी शिकलेली बाई कशी फसली, असे सगळेच विचारतात. तीन दिवसांची अपुरी झोप, अटकेची भीती आणि कुटुंबाची अब्रू जाण्याची धास्ती यांच्यापुढे शिक्षण फारसे टिकत नाही. उलट ज्याने आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखला, वेळेवर कर भरला, रांग मोडली नाही, अशा माणसाला 'चौकशीला सहकार्य' करणे कर्तव्यच वाटते. तेव्हा गणवेश खरा की खोटा, पत्रावरचा शिक्का बरोबर की चूक, हे ओळखायला मी कोणाला शिकवत नाही, कारण ते हुबेहूब बनवता येतात. त्यांना मी एकच खूण सांगितली : "कोणाला सांगू नका" असे जो म्हणतो, तो पोलीस नव्हे.

यामागे कायद्याचा आधार आहे. 'डिजिटल अटक' असा प्रकार भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेचा पंचनामा कुटुंबातील व्यक्तीच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीच्या साक्षीने करावा लागतो आणि अटक झाल्याचे नातेवाइकांना किंवा मित्रांना कळवावे लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची, तर प्रसंग अपवादात्मक असावा लागतो आणि महिला पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. या बाईंना मात्र "रात्री अकराला पथक येईल" असे धमकावले होते. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. थोडक्यात, कायदा घरच्यांना कळवा म्हणतो आणि ठग घरच्यांपासून लपवा म्हणतो.

मुलाला आत बोलावण्यापूर्वी मी सहज विचारले, "काकू, त्यानंतर असा एखादा फोन आला का?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आला. सायबर विभागातून बोलतो, पाच हजार भरा, तुमचे पैसे सोडवून देतो, असे म्हणत होता. मी भरले नाहीत. पण घरी सांगितले नाही."

एकदा फसलेल्याला गाठणारी ही दुसरी टोळी नेहमीची आहे. मला चिंता वाटली ती त्यांच्या शेवटच्या वाक्याची. पहिल्या रात्री मुलगा "तुला एवढेही कळले नाही?" असे म्हणाला होता आणि मुलगी बंगळुरूहून रोज व्यवहारांचा हिशेब मागत होती. त्यांच्या रागामागे काळजीच होती, परंतु परिणाम असा झाला की आई पुन्हा एकटी पडली, आणि ठगांना तर ती एकटीच हवी होती. त्यांच्या संमतीने मी हे मुलासमोर मांडले, तेव्हा साध्या फोनचा विषय त्याने आपण होऊन सोडून दिला. तसेही, साध्या फोनवर असे कॉल येतच राहतात. नातवंडांचे चेहरे दिसणे तेवढे बंद होते.

त्याने एक गोष्ट मात्र अचूक केली होती. त्याच रात्री सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवल्यामुळे तीन लाखांच्या आसपासची रक्कम वाटेतल्या खात्यांत गोठवता आली. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने पसरवले जातात, म्हणून तक्रार करण्यापूर्वी घरात चर्चा करत बसू नये. रागावणे दुसऱ्या दिवसावर ढकलता येते.

पुढच्या दोन भेटींत आम्ही सराव केला. मी 'साहेब' झाले, त्यांनी "घरी विचारून सांगते" एवढेच म्हणून फोन ठेवायचा. पहिल्यांदा त्यांना ते जमले नाही. समोरचा बोलत असताना मध्येच फोन ठेवणे असभ्य आहे, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, वर्गात चोरटा शिरला असता तर त्याचे वाक्य पुरे होऊ दिले असते का? यावर त्या हसल्या, तरी हात लगेच वळेना. ऑनलाइन व्यवहारांची दैनंदिन मर्यादा त्यांनी स्वतः बँकेत जाऊन कमी करून घेतली आणि मोठी ठेव मोडण्यापूर्वी मुलीला फोन करण्याचे कबूल केले. बदल्यात मुलीने हिशेब विचारणे थांबवले.

चौथ्या भेटीला त्या रिक्षाने एकट्याच आल्या. आदल्या दिवशी "बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडू" असा फोन आला होता. त्यांनी तो मध्येच कापला आणि शेजारणीचे दार वाजवले, तर तिलाही तसाच संदेश आलेला. "पण तो माणूस अजून बोलतच होता हो," असे सांगताना त्यांना अजूनही थोडे अपराधी वाटत होते.