नोकरी सोडून जैवसांख्यिकीची पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

संख्याशास्त्राची पदवी घेऊन गेली चार वर्षे आपण एका औषध-संशोधन कंपनीत स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर म्हणून काम करीत आहात. आता नोकरी सोडून जैवसांख्यिकीची दोन वर्षांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. शुल्क आणि वाढीव राहणीखर्च मिळून आपल्या दोन वर्षांच्या निव्वळ पगाराइतकी रक्कम लागेल. त्यातील निम्मी शैक्षणिक कर्जातून आणि निम्मी आईवडिलांच्या निवृत्तीच्या ठेवींतून उभी करण्याचा आपला बेत आहे. माझे मत आधीच सांगतो: पदवी घेण्याचा विचार योग्य आहे, पण त्यासाठी पैसा असा उभा करू नये.

आपल्या हिशेबात खर्चाची एकच बाजू आली आहे. दोन वर्षे बुडणारा पगार धरला, तर खरा खर्च चार वर्षांच्या पगाराइतका होतो. पदवीनंतरचा पगार आजच्यापेक्षा ५० टक्क्यांनी वाढला, तरी हा खर्च भरून निघायला आठ वर्षे लागतील. वाढ २५ टक्केच झाली तर सोळा, आणि यात व्याज, प्राप्तिकर व नोकरीत राहून मिळालीच असती ती पगारवाढ धरलेली नाही.

आईवडिलांच्या पैशाला व्याज लागत नाही म्हणून तो स्वस्त वाटतो. परंतु पदवीनंतर नोकरी वर्षभर लांबली, तर बँकेकडे निदान मुदत वाढवून मागता येते, त्यांचे औषधपाणी मात्र थांबून राहत नाही. तो पैसा बाजूलाच ठेवावा आणि सगळी रक्कम कर्जाऊ घ्यावी लागेल असे धरून हिशेब पाहावा. १० टक्के व्याजदर धरला, सारी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि शिक्षणाच्या काळातील सरळ व्याज मुद्दलात मिळवले, तर दहा वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता आपल्या आजच्या निव्वळ मासिक पगाराच्या सुमारे ३८ टक्के येतो. पगार दीडपट झाला तर तोच हप्ता नव्या पगाराच्या सुमारे २५ टक्के होतो आणि पेलवतो. तसा झाला नाही, तर दहा वर्षे ओढाताण ठरलेली.

म्हणून पदवीनंतर आपल्याला कोणते पद मिळेल, हाच आर्थिकदृष्ट्या निर्णायक प्रश्न आहे. आज आपण एसडीटीएम आणि अ‍ॅडॅम या औषध-चाचण्यांची माहिती मांडण्याच्या प्रमाण रचनांत विदासंच (डेटासेट) बसवता, तक्ते काढता, आणि दुसऱ्या प्रोग्रामरने स्वतंत्रपणे काढलेल्या आकड्यांशी आपले आकडे जुळेपर्यंत दोघांपैकी कोणाचीही सुटका नसते. या कामात वर चढण्यासाठी अनुभव बहुधा पुरतो आणि त्यासाठी कर्ज काढणे मला पटत नाही. ट्रायल-स्टॅटिस्टिशियनचे, म्हणजे रुग्णांवरील औषध-चाचणीची (क्लिनिकल ट्रायलची) सांख्यिकी आखणी करणाऱ्याचे, काम वेगळे आहे. क्लिनिकल ट्रायलमधील सांख्यिकी कामाची जबाबदारी योग्य पात्रता व अनुभव असलेल्या संख्याशास्त्रज्ञाकडे असावी, असे आयसीएच या औषध-नियमनाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९८ च्या ई-९ मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे; त्यामुळे या पदासाठी सहसा पदव्युत्तर पदवी मागितली जाते.

या जबाबदारीला मोल का आहे, हे नमुना-आकारावरून, म्हणजे ट्रायलमध्ये किती रुग्ण घ्यायचे यावरून, दिसते. दोन गटांच्या सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या विखुरण्याचे माप) फरक ८० टक्के शक्तीने (फरक खरा असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळीवर (फरक नसताना तो आहे असे ठरण्याची शक्यता) ओळखायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६४ रुग्ण लागतात. अपेक्षित फरक निम्मा धरला की हीच संख्या साधारण चौपट होते. हे गृहीतक चुकले तर पुढे कितीही बिनचूक प्रोग्रामिंग केले तरी ट्रायल सावरत नाही. असे निर्णय घेण्याची आपली खरोखर इच्छा असेल, तरच ही पदवी घ्यावी.

तसे असल्यास माझा पहिला पर्याय नोकरी सांभाळून अर्धवेळ पदवी घेण्याचा आहे. तिला तीन-चार वर्षे लागतील, पण पगार बुडणार नाही आणि शुल्काचा बराच भाग मिळकतीतून भागेल. काही कंपन्या शुल्काचा वाटाही उचलतात, मात्र त्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट असते. ती सही करण्यापूर्वी नीट वाचावी. पीएच.डी.साठी अनेक विद्यापीठे शुल्कमाफी आणि विद्यावेतन देतात, त्यामुळे ती कागदावर पदव्युत्तर पदवीपेक्षा स्वस्त दिसते, परंतु त्यात चार ते सहा वर्षांची मिळकत घटते. संशोधनाची ओढ नसेल तर केवळ विद्यावेतनाकडे पाहून त्या वाटेला जाऊ नये.

पूर्णवेळच जायचे असेल, तर मागील दोन तुकड्यांतील किती विद्यार्थ्यांना सहा महिन्यांत स्टॅटिस्टिशियनचे पद मिळाले आणि किती जण पुन्हा प्रोग्रामर म्हणूनच लागले, हे विभागाकडून लेखी मागवावे. नुसते ‘नोकरी लागली’ असे एकत्रित आकडे आपल्या कामाचे नाहीत. उत्तर समाधानकारक असेल, शुल्कात निम्म्याच्या आसपास सवलत मिळत असेल आणि सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम आपल्या स्वतःच्या बचतीत शिल्लक राहत असेल, तर कर्ज काढण्यास माझी हरकत नाही.