जड धातू खाडीतल्या मासळीत सापडतो, गाण्यात नाही

प्रश्न दादरहून आला आहे. बऱ्याच वर्षांनी पॉवर मेटलकडे, म्हणजे हेवी मेटल या रॉक संगीताच्या एका वेगवान शाखेकडे, पुन्हा वळलेल्या एका वाचकाला ग्लोरीहॅमर या बँडचा 'टेल्स फ्रॉम द किंग्डम ऑफ फाइफ' हा २०१३ चा अल्बम मित्रांना मराठीतून समजावून सांगायचा आहे. 'शक्तिशाली धातू संगीत' चालेल का, आणि त्यातल्या गोष्टीला 'पौराणिक' म्हणावे का?

नाही आणि नाही.

दुसरे आधी उरकतो. पुराणामागे परंपरा लागते, कुणाची तरी श्रद्धा लागते. इथे एक दुष्ट जादूगार मेलेल्या एकशिंगी घोड्यांची फौज घेऊन डंडीवर चालून येतो आणि अँगस मॅकफाइफ नावाचा राजपुत्र सूड घ्यायला निघतो. फाइफ आणि डंडी ही स्कॉटलंडमधली खरीखुरी ठिकाणे, मध्ये टे नदीची खाडी. म्हणजे कळव्याचा राजपुत्र ठाण्यासाठी तलवार उपसून निघाला, अशातला प्रकार. गंमत आहे ती तिथेच. 'अद्भुतरम्य' म्हणा आणि पुढे चला.

आता 'धातू'. मेटल म्हणजे धातू, हेवी म्हणजे जड, की झाले भाषांतर! 'जड धातू संगीत' हे इतक्यांदा कानावर येते की शिसे, पारा आणि कॅडमियम यांचा वाद्यवृंद डोळ्यांपुढे उभा राहतो. १९६८ साली स्टेपनवुल्फ या रॉक बँडच्या गाण्यात 'हेवी मेटल' आले ते मोटारसायकलच्या गडगडाटासाठी, वजनकाट्यासाठी नव्हे.

तरीही गाण्याला धातू म्हणणे आपल्याकडे अगदी शुद्ध आहे. फक्त तो धातू लोखंडाचा नाही. 'धा' म्हणजे ठेवणे, धारण करणे; त्याला 'तुन्' प्रत्यय लागून धातू, म्हणजे रचनेचा आधारभूत घटक. शरीरातले रस-रक्त, खाणीतले सोने-तांबे, व्याकरणातले क्रियापदाचे मूळ, सगळे त्यातूनच आले. लहान कोश इथे थांबतात आणि खरा खजिना वगळतात. नाट्यशास्त्रात वीणेच्या तारेवरच्या आघातांच्या प्रकारांना धातू म्हटले आहे: विस्तार, करण, आविद्ध, व्यंजन. गिटारवाल्याचा उजवा हात याहून वेगळे काय करतो? आणि शार्ङ्गदेव तर सरळ सांगतो: 'वाङ्मातुरुच्यते गेयं धातुरित्यभिधीयते.' शब्द म्हणजे मातू, चाल म्हणजे धातू. दोन्ही रचतो तो वाग्गेयकार. हा शार्ङ्गदेव तेराव्या शतकातला, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा आपल्या मातीत लिहिलेला ग्रंथ, आणि धातूचा अर्थ मात्र आपण इंग्रजीतून उसना घेतो!

संगीतरत्नाकरात प्रबंधाच्या, म्हणजे त्या काळच्या बांधीव गेय रचनेच्या, भागांनाही धातूच म्हटले आहे, आणि ते पॉवर मेटलच्या गाण्यावर मापात बसतात. उद्ग्राह म्हणजे गाणे उचलणे: पहिले कडवे, आवाज मधल्या पट्टीत. मेलापक म्हणजे जोडणी, लग्नाच्या गुणमेलापकातला तोच शब्द. ढोल थोडे आवरतात, स्वर चढत जातात, पुढे काहीतरी मोठे येणार हे कळते. मग ध्रुव, न हलणारा: सगळा कोरस एका दमात गातो ते पालुपद. मेलापक आणि शेवटचा भाग, आभोग, गाळता येतात, उद्ग्राह आणि ध्रुव कधीच नाही. म्हणून प्रबंध द्विधातू, त्रिधातू किंवा चतुर्धातू. शेवटी आभोग, ज्यात रचनाकाराचे नाव गुंफत. पॉवर मेटलमध्ये इथे पालुपद अर्धा स्वर वर उचलतात, काळी एकवरून पांढरी दोनवर, आणि ऐकणाऱ्याच्या मुठी आपोआप वळतात.

काही संगीतज्ञ याला ओढाताण म्हणतील. प्रबंध केव्हाच मेला, असेही सांगतील. मेला असेल तर धृपदातला आभोग कुठून आला? आणि 'ध्रुवपद' या शब्दात ध्रुव काय करतो आहे? नाव टिकले, अंग टिकले, फक्त अभ्यासकांनी दप्तर बंद केले.

राहिला 'पॉवर'. याचा संबंध पॉवर कॉर्डशी जोडण्याची हौस सोडा. तो कॉर्ड म्हणजे सा आणि प, गंधार गाळलेला. गिटारचा आवाज फाडला की गंधार गढूळ होतो, म्हणून. पण तो साऱ्या मेटलमध्ये असतो. पॉवर मेटलची ओळख उंच, स्वच्छ गळा, गाता येणारी चाल आणि दोन पायांनी वाजणारा बास ड्रम. मिनिटाला १७० मात्रा आणि चौगुन, म्हणजे सेकंदाला अकराहून जास्त ठोके. लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकलात तर चाकांची घरघर आणि हे ठोके एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर उरते. अशा वेळी इक्वलायझरवर खालचा भाग उतरवा, ठोक्याची 'टक्' वर येते. हॅम्बुर्गच्या हॅलोवीन या बँडचा १९८७ चा 'कीपर ऑफ द सेव्हन कीज, पार्ट वन' हा अल्बम मग ऐका, मेलापक नेमका कुठे सुरू होतो ते बोटावर मोजता येईल.

तेव्हा मित्रांना लिहिताना 'पॉवर मेटल' असेच लिहा. शार्ङ्गदेवाच्या अर्थाने हौस असेल तर 'धातुसंगीत', पण एका शब्दात आणि 'तु' ऱ्हस्व. समासात पहिला आला की तो ऱ्हस्व, एरवी दीर्घ.