मागचा टायर रुंद करण्याआधी

भावा, तुझ्या बाईकला दुसऱ्या गाडीचं मागचं चाक बसवलंस, चांगलं झालं. पण लगेच १५० चा, म्हणजे १५० मिलिमीटर रुंदीचा टायर आणायला पळू नकोस. आधी रिमवर कोरलेला आकडा वाच. १७ x ३.५० (१७ इंच व्यास, साडेतीन इंच रुंदी) असेल तर १३०/७० त्यावर नीट बसतो; पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत उंची. १५०/६० ला ४ इंची रिम योग्य, ३.५० वर तो कसाबसा चढतो. अरुंद रिमवर टायरच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि गाडी वळणात आधी अडते, मग एकदम पडल्यासारखी झुकते. यवतेश्वर घाटात कासला जाताना मी हे पुरा पावसाळा भोगलंय. शेवटी १३० वर आलो आणि गाडी परत माझी वाटली.

टायरच्या आधी चाक सरळ कर. पुढचं-मागचं स्प्रॉकेट (चेन फिरते ते दातेरी चाक) एका रेषेत आहे का, दोरा ताणून बघ. फरक असेल तर लेथवर नेमक्या मापाचा स्पेसर (चाकाच्या बाजूची जागा भरणारी धातूची नळी) करून घे, वॉशर रचून भागवू नकोस. ते ढिले होतात रे, आणि चेन उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

मग चेन, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), मडगार्ड, प्रत्येकापासून टायरला करंगळीएवढी मोकळी जागा हवी. वेगात टायर थोडा फुगतो. मागे कुणाला तरी बसवून सस्पेन्शन दाबूनही बघ, मडगार्ड तेव्हाच घासतो.

पहिले शंभर किलोमीटर सावकाश. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, खंबाटकी घाटात गाडी लगेच झुकवू नकोस. आणि निघण्याआधी अॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट पुन्हा आवळ.