आधी दोनच झाडं नीट ओळखा

मूत्रविकारांच्या वनस्पती शिकायच्या म्हणता, उत्तम! पण वायवर्णा, पाषाणभेद आत्ता बाजूला ठेवा. सुरुवातीला सराटा आणि पुनर्नवा पुरेत. आपल्या सोलापूरच्या माळावर पावसाळ्यात दोन्ही भेटतात.

सराटा म्हणजेच गोखरू. जमिनीसरपट वेल, पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, चपलेत घुसणारं काटेरी फळ. तो चुकणं कठीण.

नवखे हमखास फसतात ते पुनर्नव्यात. तिच्यासारखाच दिसणारा वसू शेतात तण म्हणून माजतो. पान बघून ठरवू नका, फूल येईपर्यंत थांबा. पुनर्नव्याची बारीक गुलाबी-जांभळी फुलं देठावर झुबक्यानं येतात, फळं बोटाला चिकटतात. वसूचं फूल पानाच्या बेचक्यातच दडलेलं असतं.

आणखी काही चुका टाळा:
- तणनाशक मारलेल्या बांधावरून काही उपटू नका.
- "वनस्पतीच आहे, काय होतंय" म्हणून कुणाला काढा देऊ नका. पुनर्नव्यात पोटॅशियम भरपूर. किडनी अधू असेल तर ते अंगात साठतं.
- लघवीतून रक्त, थंडीताप, लघवी तुंबणं: तिथे काढा नाही, थेट डॉक्टर.

हुलग्याचं कढण मात्र घरचंच, निरोगी माणसानं खुशाल प्यावं. आणि या उन्हात पाणी!