वाचक विचारतात: इनटेक मॅनिफोल्ड परत बसवताना

प्रश्न: गाडी दहा वर्षं जुनी, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. काजळी धुवायला प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) घरीच खोलला. रबरी पॅकिंग कुठेही फाटलेलं नाही. वरून थोडं सिलिकॉन लावून तेच वापरू का? आणि बोल्ट किती आवळायचे? (एक वाचक, सातारा)

उत्तर: पॅकिंग नवं घ्या आणि सिलिकॉन ट्यूबमध्येच राहू द्या. हे पॅकिंग मॅनिफोल्डच्या खाचेतून जरासं वर उठलेलं असतं. बोल्ट आवळले की तेवढा भाग दबतो आणि हवा अडते. इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं रबर फाटत नाही, ते चपटं आणि कडक होतं. खाचेत बसवून वरून नख फिरवा. नख कडेला अडत नसेल तर दबायला काही उरलेलंच नाही. सकाळी थंड इंजिन मिसिंग करतं आणि गरम झाल्यावर सुरळीत चालतं, त्यामागे पुष्कळदा हेच कडक पॅकिंग असतं. सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेने फुगतं, आत दाबली गेलेली कड तुटून वॉल्व्हकडे जाते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरही खराब करते.

धुतलेला मॅनिफोल्ड पोर्ट (हवेची तोंडं) खाली करून रात्रभर निथळू द्या. आत साचलेलं पाणी पहिल्याच स्टार्टला सिलिंडरमध्ये ओढलं जातं.

आता खरं काम, हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) फेस, म्हणजे मॅनिफोल्ड टेकतो तो सपाट भाग. प्रत्येक पोर्टात रंगीत कापडाचा एकेक बोळा कोंबा आणि किती कोंबले ते लिहून ठेवा. जुनी घाण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर अजिबात नको: त्याची कच पोर्टातून सिलिंडरमध्ये आणि तिथून तेलात जाते, मग बेअरिंग खाते. शेवटी ब्रेक क्लीनर लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मॅनिफोल्डच्या फेसवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरा. तिच्याखाली ०.१० मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) सहज सरकत असेल तर मॅनिफोल्ड वाकलाय. तो कितीही आवळला तरी हवा घेणारच.

बोळे मोजून काढा, पॅकिंग खाचेत कोरडंच बसवा आणि मॅनिफोल्ड टेकवा. खाली आधाराचा ब्रॅकेट असेल तर त्याचे बोल्ट सैल ठेवा. तो आधी कसला तर मॅनिफोल्ड फेसपासून ओढला जातो. सगळे बोल्ट बोटांनीच चार-पाच आटे फिरवा. हाताने फिरत नसेल तर बोल्ट तिरका लागलाय, रॅचेट लावू नका. मग मधल्या बोल्टपासून आळीपाळीने दोन्ही कडांकडे, तीन फेऱ्यांत कसा: आधी नुसता टेकेपर्यंत, मग निम्म्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर), मग पूर्ण. १० च्या पान्याचा बोल्ट साधारणपणे एम-६ असतो, त्याला ८ ते ११ न्यूटन-मीटर. १२ किंवा १३ च्या पान्याचा एम-८, त्याला २० ते २५. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. आटे कोरडे ठेवा. तेल लावलं की त्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त येतो. चाकाच्या नटांचा मोठा टॉर्क रेंच इतक्या कमी आकड्यांना भरवशाचा नाही, ५ ते २५ चा छोटा लागतो.

'अजून थोडं कसू या' हा मोह इथे महागात पडतो. प्लास्टिकच्या प्रत्येक भोकात धातूची बुश असते. बोल्ट त्या बुशवर टेकला की पॅकिंग हवं तेवढं दबलेलं असतं. पुढचा सगळा जोर अॅल्युमिनियमच्या हेडमधल्या आट्यांवर येतो. आटे गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्याशिवाय सोय नाही.

प्रश्न: मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी, प्लेटची झडप) साफ करून बसवली. आता आयडलिंग १,५०० आरपीएमवर अडकलंय, मधूनच वर-खाली होतं. सेन्सर गेला का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: सेन्सर विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) पूर्वीच्या काजळीसकट प्लेटची जागा शिकलेली असते. काजळी गेली, त्याच जागेवरून हवा जास्त जाते, रेस वाढते. इंजिन गरम करून एसी बंद ठेवून दहा मिनिटं आयडलवर चालवा, मग एसी लावून आणखी पाच मिनिटं. काही गाड्यांना स्कॅनरवरूनच पुन्हा शिकवावं लागतं. इग्निशन चालू असताना प्लेट बोटाने ढकलू नका.

तरीही रेस उतरली नाही तर कुठून तरी हवा घेतेय. तुमच्या गाडीत मॅप सेन्सर आहे की एअर फ्लो मीटर, यावर लक्षण ठरतं. फ्लो मीटरच्या गाडीत चोरून आलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि तसं सांगणारा पी०१७१ हा बिघाडाचा कोड येतो. मॅप सेन्सर मात्र मॅनिफोल्डमधला दाब बघतो. चोरीची हवाही त्याला दिसते, ईसीयू त्या मानाने पेट्रोल वाढवतो आणि कोड न येताच रेस चढते. कोड नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका.

ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या सॉकेटला जोडून ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) मॅपचा आकडा बघा. इंजिन बंद, इग्निशन चालू असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: डोंबिवलीत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात उंचीमुळे ९५ च्या आसपास. इथेच भलताच आकडा आला तर सेन्सरवर संशय घ्या. गरम इंजिन, एसी बंद, आयडलवर तो साधारण ३० ते ४० वर यायला हवा. ५० च्या वर राहिला तर गळती शोधा. आधी पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत नेणारा), मग पर्ज वॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ नेणारा), मग ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाइप. मॅनिफोल्डमागचा, हाताला लागतो पण डोळ्यांना दिसत नाही असा पाइप हमखास सुटलेला सापडतो. साबणाचे फुगे इथे उपयोगाचे नाहीत, हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. स्प्रेच्या बाटलीने जोडावर साध्या पाण्याची बारीक फवार मारा, कॉइल आणि कनेक्टर टाळून. गळतीवर पडली की रेस क्षणभर बदलते. कार्ब क्लीनर फवारू नका, गरम सायलेन्सरचा पाइप शेजारीच असतो.

बूस्टरच्या पाइपातला एकमार्गी वॉल्व्ह उलटा बसला असेल तर ब्रेक दगडासारखा लागेल. बूस्टरकडून फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनाकडून जाता कामा नये. हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

प्रश्न: सगळं बसवल्यावर एक वॉशर कमी भरतोय. स्टार्ट करून बघू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, म्हणजे चुकून कोणी चावी फिरवणार नाही. आधी खालचं कव्हर आणि इंजिनाच्या खाचा बघा, बहुतेक वॉशर तिथेच सापडतात. नसेल तर मॅनिफोल्ड पुन्हा काढून पोर्ट टॉर्चने तपासा. ज्याचा इनटेक वॉल्व्ह उघडा आहे त्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेराही घाला. स्टीलचा वॉशर चुंबकाच्या काडीने निघतो, तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा निघत नाही, त्याला लवचिक चिमटा लागतो. पॅकिंग नुकतंच बसवलेलं असेल तर खाचेतून वर उठलेलं आहे का ते पाहून तेच पुन्हा चालेल.