शेरवानीखालचं पिस्तूल: न्यू जर्सीच्या पोलिसाला न्यूयॉर्कात चालतं का?

प्रश्न: माझा मुलगा न्यू जर्सीतल्या एका गावच्या पोलीस खात्यात आहे. ड्युटी नसली तरी कपड्याखाली पिस्तूल लावूनच तो बाहेर पडतो. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न लाँग आयलंडला आहे. तिथेही नेणार म्हणतो. माझे भाऊ म्हणतात, न्यूयॉर्कवाले सरळ आत टाकतील. मुलगा म्हणतो, बिल्ला देशभर चालतो. डिसेंबरात आम्ही सगळे पुण्याला जाणार आहोत. जीव टांगणीला लागला आहे. (एक आई, एडिसन)

उत्तर: ताई, मुलाचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण त्याचा भरवसा चुकीच्या वस्तूवर आहे.

न्यू जर्सीत त्याला राज्याच्याच कायद्याने चोवीस तास मुभा आहे. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कात शिरलं की तो कायदा संपतो. तिथून पुढे 2004 चा केंद्रीय कायदा लागतो, पोलीस ज्याला 'लिओसा' म्हणतात. पात्र पोलिसाला ड्युटीवर नसतानाही, राज्याचा परवाना नसला तरी, पिस्तूल लपवून बाळगता येतं. पण त्याच्या अटी त्या त्या क्षणी पुऱ्या व्हाव्या लागतात. खात्याची शस्त्र बाळगायला मंजुरी हवी, नेमबाजीची चाचणी वेळच्या वेळी झालेली हवी. निलंबनापर्यंत जाऊ शकेल अशी खात्यांतर्गत कारवाई चालू असेल तर मुभा नाही. हे त्याला स्पष्ट विचारा, आईला सांगायला मुलं संकोचतात.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. कायदा बिल्ला मागत नाही. तो पोलीस असल्याचं सांगणारं, खात्याने दिलेलं, फोटोचं ओळखपत्र मागतो, आणि तेही अंगावर. लग्नात तो शेरवानी घालणार. शेरवानीला धड खिसा नसतो, मग पाकीट जातं बायकोच्या पर्समध्ये, आणि पर्स हॉलच्या दुसऱ्या टोकाला. अशा वेळी कुणी विचारलं तर पंचाईत होईल.

सगळ्यात मोठी अडचण दारूची. नशेच्या अमलाखाली असलेल्याला हा कायदा संरक्षण देत नाही, आणि किती प्याल्यावर अंमल धरायचा याचा आकडाही त्यात नाही. एका ग्लासाने चढत नाही, हा वाद मग कोर्टात घालावा लागेल. कवच गेलं तर उरतो न्यूयॉर्कचा कायदा: विनापरवाना भरलेलं पिस्तूल घराबाहेर बाळगणं हा गंभीर गुन्हा, आणि दोषी ठरल्यास साधारणपणे किमान साडेतीन वर्षं कैद. पोलिसाची नोकरी तर त्याआधीच धोक्यात येते.

शिवाय हॉलच्या मालकाने शस्त्राला मनाई केली असेल तर राज्याच्या कायद्यानुसार ती मनाई लिओसापुढेही टिकते. लग्नघरच्यांनी हॉलला आधी विचारून घ्यावं.

भावांची भीतीही निराधार नाही. अटी पुऱ्या असूनही अटक होऊ शकते. न्यूयॉर्कच्याच ऑरेंज काउंटीत तटरक्षक दलाच्या एका कर्मचाऱ्यावर असा खटला भरला गेला. 2008 मध्ये कोर्टाने लिओसाच्या आधारे तो रद्द केला, पण तोवर त्याला आरोपी म्हणून राहावं लागलं.

माझा सल्ला: त्या दिवशी पिस्तूल एडिसनच्या घरी तिजोरीत राहू दे. गाडीत ठेवून किल्ली व्हॅले पार्किंगवाल्याच्या हाती मुळीच देऊ नये. नेणारच असेल तर एक थेंबही नाही, ओळखपत्र अंगावर, आणि आपल्या खात्याचे ड्युटीबाहेरचे नियम आधी वाचावेत. ते मोडले तर कोर्टात सुटूनही खातं कारवाई करू शकतं.

पुण्याबद्दल मात्र कसलाही किंतु नाही: पिस्तूल न्यायचंच नाही. लिओसा अमेरिकेबाहेर लागू नाही, आणि विमानाच्या केबिनमध्येही त्याच्या जोरावर शस्त्र नेता येत नाही. भारतात 1959 चा शस्त्र कायदा आहे, त्यात परवान्याविना काडतूसही गुन्हा. नेमबाजीला नेलेली बॅग प्रवासाला घेतली, अस्तरात एक गोळी राहिली, की मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये ती दिसते आणि माणूस सहार पोलीस ठाण्यात बसतो. 'बॅगेत आहे हे माहीतच नव्हतं' हा बचाव आपली न्यायालयं मानतात, पण तो सिद्ध होईतो सुट्टी संपून जाते आणि परतीचं तिकीट वाया जातं. मुलाला प्रवासासाठी नवी बॅग घेऊन द्या.