मानसशास्त्रातल्या गणिती मॉडेलिंगला नवीन आहेस? मग आधी एवढंच कर

घाबरू नकोस रे, सुरुवातीला लॉगॅरिदम आणि थोडी प्रोबॅबिलिटी पुरते. इतिहासातलं फेक्नरचं संवेदना मोजण्यावरचं १८६० चं काम आणि एबिंगहाउसचा १८८५ चा विसरण्याचा अभ्यास, एवढं बघ, बाकी नंतर.

मग रेस्कोर्ला-वॅग्नर (१९७२) हे शिकण्याचं मॉडेल घे. एका ओळीचं समीकरण आहे, अपेक्षा आणि प्रत्यक्षात जेवढा फरक तेवढं शिकणं जास्त, स्प्रेडशीटमध्ये स्वतः चालवून बघ आणि लर्निंग रेट (शिकण्याचा वेग ठरवणारा आकडा) बदलला की वक्र कसा हलतो ते नीट बघ, नुसतं वाचून काही कळत नाही.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- डेटाला फिट बसलं म्हणजे मॉडेल बरोबर असं समजतात. पॅरामीटर (मॉडेलमधले बदलता येणारे आकडे) वाढवले की काहीही फिट होतं!
- आपणच ठरवलेले पॅरामीटर घालून मॉडेलमधून चाचणीपुरता खोटा डेटा बनवून तेच पॅरामीटर परत मिळतात का, हे तपासतच नाहीत.

बेजियन पद्धती (नवा डेटा आला की आधीचा अंदाज सुधारणारं प्रोबॅबिलिटीचं गणित) वगैरे सध्या राहू दे.